यादीत नाव कोणाचं? डिरेक्टरी सेवा आणि बिनतारी जाळ्याच्या दाराची गोष्ट

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, “सर, जन्मभर न्यायदर्शन शिकवलंत, आता वाय-फायवर काय बोलणार?” मी त्यांना म्हटलं, आपल्याकडे ‘कोऽहम्’ विचारणारे पुष्कळ होऊन गेले, मला ‘कस्त्वम्’ विचारणाऱ्या यंत्राबद्दल बोलायचं आहे. तू कोण हे विचारायचं, उत्तराची खातरजमा करायची आणि मग आत घ्यायचं की नाही ते ठरवायचं. तुमचा फोन एखाद्या कॉलेजच्या वाय-फायला जोडला जातो तेव्हा हे सगळं एक-दोन सेकंदांत उरकतं. पण त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मला कळला तो एका कॉलेजच्या समितीमुळे.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधीची, म्हणजे २०१० सालची गोष्ट. कॉलेजचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून भेटतात. तेव्हा आमच्याकडे वाय-फाय होतं आणि त्याचा पासवर्ड ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर खडूने लिहिलेला असे. संस्थापकांचं आडनाव आणि पुढे एक-दोन-तीन. बाहेरचा चहावालासुद्धा तोच पासवर्ड वापरायचा, आणि चहा चांगला असल्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

पण त्याआधी एक गंभीर घटना घडून गेली होती. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल आला होता. तपास करत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरी. त्या घरातलं वाय-फाय उघडं होतं, आणि ते दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूचना काढल्या: वाय-फाय वापरणारा कोण, याची मध्यवर्ती खातरजमा झाली पाहिजे. आमच्या प्राचार्यांनी या सगळ्याची कात्रणं जपून ठेवली होती. त्यांनी एक समिती नेमली आणि मला तिचं अध्यक्ष केलं. कारण? बाकीच्यांना काम होतं.

समितीत संगणकाचं काम बघणारा एक तरुण मुलगा होता. पहिल्याच बैठकीत त्याने मला विचारलं, “सर, आपल्या कॉलेजात कोण कोण आहे?” मला वाटलं, गंमत करतोय. पण तो वही उघडून, पेन घेऊन बसला होता. “म्हणजे यादी हवी. यंत्र मी चार दिवसांत लावतो. यादी कोण देणार?”

ही यादी म्हणजेच डिरेक्टरी. तिची सुरुवात पाहू.

२१ फेब्रुवारी १८७८ रोजी अमेरिकेत, कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन या गावी टेलिफोनची पहिली डिरेक्टरी निघाली. पुस्तक नव्हे, एकच पुठ्ठ्याचा तक्ता. त्यावर पन्नास नावं. डॉक्टर, दुकानं, घरं. गंमत म्हणजे त्यावर एकही नंबर नव्हता. तुम्ही फोन उचलायचा, एक्स्चेंजवरच्या माणसाला नाव सांगायचं आणि तो तार जोडून द्यायचा. त्या यादीचा हेतू एकच होता, दुसऱ्याला शोधणं. आपलं नाव लागलं म्हणजे लोकांना आपण सापडणार.

आपल्याकडे याहून जुनी अशी व्यवस्था आहे. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलात तर तीर्थोपाध्याय विचारतात, आडनाव काय, मूळ गाव कोणतं? मग नेमकी वही निघते आणि तुमच्या पणजोबांचं नाव समोर येतं. त्या नामावळीची रचना लक्षात ठेवा: आधी मोठा गट, मग त्यातला लहान, मग कुटुंब, मग माणूस. संगणकवाल्यांनी पुढे नेमकी हीच उतरंड वापरली.

आता एकदम शंभर वर्षं पुढे जाऊ. १९७२ पासून कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई अर्पानेटचं माहिती केंद्र सांभाळत होत्या. अर्पानेट म्हणजे इंटरनेटचं बालपण. जाळ्यावर कोणते संगणक आहेत याची फाईल त्यांच्याकडे असे. नवीन संगणक जोडायचा तर फोन करायचा, त्या नोंद करणार. १९८२ साली या केंद्राने माणसांसाठीही सोय केली. तिचं नाव ‘हू-इज’. नाव टंकलं की त्या माणसाचा पत्ता, फोन, ई-मेल मिळे. पण सोबतच्या दस्तऐवजात एक विनंती होती: अर्पानेटवरून संदेश पाठवू शकणाऱ्या प्रत्येकाने इथे आपली नोंद करावी. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. तोपर्यंत नाव लावायचं ते लोकांनी आपल्याला शोधावं म्हणून. आता मागणी अशी की तुम्ही जाळं वापरता, तर तुमचं नाव यादीत असलं पाहिजे. विनंतीच होती ती, सक्ती नव्हे. पण दिशा बदलली.

दुसरी गोष्ट त्याच काळातली, एमआयटी या विद्यापीठातली. १९८३ साली तिथे ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू झाला. विद्यापीठभर संगणक ठेवायचे, कोणत्याही विद्यार्थ्याने कुठेही बसून काम करायचं. लगेच प्रश्न उभा राहिला. समोर बसलेला म्हणतोय, मी अमुक. कशावरून? यावर त्यांनी दोन निराळ्या व्यवस्था केल्या. ‘हेसिअड’ नावाची सेवा माहिती सांगायची: या नावाचा माणूस आहे, त्याच्या फाइली इथे आहेत. आणि ‘केर्बेरॉस’ खातरजमा करायचा. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर बसलेला तीन तोंडांचा कुत्रा, त्याचं हे नाव. माहिती देणारा वेगळा आणि राखण करणारा वेगळा, हा विवेक मला आवडतो. केर्बेरॉसची गरज का पडली हे समजावण्यासाठी बिल ब्रायंट यांनी १९८८ मध्ये चार प्रवेशांचा एक संवाद लिहिला. अथीना नावाची तरुण संगणकतज्ज्ञ आणि युरिपिडीस नावाचा तिरसट सहकारी यांच्यातला. ती तोडगा सुचवते, तो त्यातली खोट दाखवतो, ती सुधारते, तो पुन्हा खोट काढतो. आमच्या प्लेटोच्या शिष्यांना वाचायला द्यावा असा हा मजकूर आहे, आणि त्यात गणित जवळजवळ नाही.

त्याच १९८८ साली दूरसंचार आणि मानकीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून एक भव्य आराखडा प्रसिद्ध केला, ‘एक्स.५००’. साऱ्या जगाची एकच डिरेक्टरी! मुळाशी जग, मग देश, देशात संस्था, संस्थेत विभाग, विभागात माणूस. नाशिकच्या नामावळीची ही जागतिक आवृत्तीच म्हणा ना. प्रत्येकाने आपापली फांदी सांभाळायची आणि कुठूनही कोणाचाही शोध घेता यायचा. स्वप्न मोठं होतं, प्रत्यक्षात एकच झाड असं कधी उभं राहिलं नाही. आपल्या कर्मचाऱ्यांची यादी जगाला दाखवायला कंपन्या कशाला तयार होतील? शिवाय ती यंत्रणा इतकी जड होती की त्या वेळच्या साध्या टेबलावरच्या संगणकाला पेलवेना.

मिशिगन विद्यापीठात, ॲन आर्बर गावी, टिम होव्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. झाडाची रचना तीच ठेवायची, पण त्याच्याशी बोलायची भाषा हलकी करायची. स्टीव्ह किल आणि वेंगयिक योंग यांच्यासह त्यांनी ती जुलै १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. हीच ‘एलडॅप’. यातल्या पहिल्या ‘एल’चा अर्थच ‘हलकी’ असा आहे. सुरुवातीला ती एक्स.५०० च्या जड यंत्रणेसमोरचा दुभाष्या होती. काही काळाने मिशिगनच्याच लोकांच्या लक्षात आलं की मागची जड यंत्रणा काढूनच टाकली तरी चालतंय. दुभाष्यालाच मालक केलं. १९९७ च्या डिसेंबरात तिची तिसरी आवृत्ती आली, आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच चालते.

आता इथे थोडं थांबू, कारण खरं वळण इथे आहे आणि ते कोणी वाजतगाजत घेतलं नाही.

डिरेक्टरी ही वाचायची वस्तू. शंभरदा वाचायची, एखाद्या वेळी बदलायची, अशी तिची घडण. पण काही नोंदी सगळ्यांना दाखवायच्या नसतात. घरचा पत्ता असेल, दुसरा एखादा तपशील असेल. म्हणून वाचायच्या आधी स्वतःची ओळख द्यायची सोय होती. तिला ‘बाइंड’ म्हणतात. नाव आणि पासवर्ड द्या, मग तुमच्या अधिकाराप्रमाणे पानं दिसतील. म्हणजे हा पासवर्ड पुस्तकाच्या रक्षणापुरता. पण संस्थांमधल्या लोकांनी त्यात वेगळीच संधी पाहिली. ई-मेल असो, ग्रंथालयाचा संगणक असो, कोणी नाव आणि पासवर्ड दिला की तो उचलून डिरेक्टरीत बाइंड करून बघायचा. डिरेक्टरीने आत घेतलं, तर माणूस खरा. पुस्तकातलं पान वाचायचंच नाही. पुस्तक उघडतं का, एवढंच बघायचं आणि मिटून ठेवायचं!

अशा रीतीने टेलिफोनची डिरेक्टरी दरवान झाली. एमआयटीने जे दोन वेगळे ठेवले होते ते इथे एकत्र आले. फेब्रुवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ आणली, तिच्यात तर एलडॅप आणि केर्बेरॉस एकाच छपराखाली नांदू लागले. हजारो कचेऱ्यांत ‘यादीत असणं’ आणि ‘आत येता येणं’ हे एकच होऊन बसलं.

डिरेक्टरी झाली. आता दाराकडे येऊ. याचीही सुरुवात ॲन आर्बरमध्येच झाली, हा योगायोग मला मोठा मजेदार वाटतो. तिथे ‘मेरिट नेटवर्क’ ही मिशिगनच्या विद्यापीठांची संस्था होती. त्या वेळी जाळ्यात शिरायचं ते टेलिफोनने. तुमच्यापैकी काहींना तो मोडेमचा आवाज आठवत असेल. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा आपणही तो ऐकला. मेरिटकडे राज्यभर फोन घेणारी यंत्रं पसरलेली. प्रत्येक यंत्रात हजारो लोकांचे पासवर्ड ठेवायचे? एकाने पासवर्ड बदलला की सगळीकडे बदलायचा? १९९१ मध्ये लिव्हिंग्स्टन नावाच्या कंपनीने त्यांना जी तोड काढून दिली, तिचं नाव ‘रेडियस’. फोन घेणाऱ्या यंत्राने काहीही लक्षात ठेवायचं नाही. आलेलं नाव आणि पासवर्ड मागच्या एका मध्यवर्ती यंत्राकडे पाठवायचा. तिथून ‘घ्या’, ‘घेऊ नका’ किंवा ‘अजून एक प्रश्न विचारा’ असं उत्तर येईल. दारावरचा माणूस अडाणी असला तरी चालेल, आत विचारून येण्याइतका प्रामाणिक असला म्हणजे झालं.

मग तारा गेल्या. १९९७ मध्ये बिनतारी जाळ्याचं ‘८०२.११’ हे मानक आलं आणि त्यासोबत ‘वेप’ नावाचं कुलूप. सगळ्यांना एकच किल्ली. २००१ साली फ्लुरर, मॅन्टिन आणि शमीर या तिघांनी त्या कुलपातली मूळची खोट दाखवली आणि थोड्याच दिवसांत कोणीही ते उघडू शकेल अशी साधनं बाहेर आली. नंतरची कुलपं पक्की निघाली, पण सामायिक किल्लीचं दुखणं कुलपाच्या पक्केपणाने जात नाही. सामायिक किल्ली ‘हा आतला आहे’ एवढंच सांगते, ‘हा कोण’ ते सांगत नाही. आणि एकाला काढायचं असेल तर सगळ्यांची किल्ली बदलावी लागते. सोसायटीच्या गच्चीची किल्ली आठवा. म्हणून खडूने लिहिलेला आमचा तो पासवर्ड कोणी बदलतच नव्हतं.

२००१ मध्येच ‘८०२.१एक्स’ हे मानक आलं. मूळ तारेच्या जाळ्यासाठी होतं, पण खरं कामाला आलं ते बिनतारी जाळ्यात. यात तीन पात्रं असतात. तुमचा फोन किंवा लॅपटॉप, त्याला मानकात दिलेला शब्द आहे ‘सप्लिकंट’, म्हणजे शब्दशः याचक. भिंतीवरचा ॲक्सेस पॉइंट हा दारावरचा माणूस. आणि मागे कोठेतरी बसलेला रेडियस, जो गरज पडली की डिरेक्टरीला विचारतो. खातरजमा होईपर्यंत ॲक्सेस पॉइंट याचकाला दुसरं काहीच बोलू देत नाही. फक्त ओळखीचे निरोप आत-बाहेर करतो. ‘घ्या’ असं उत्तर आलं की त्या एकट्या माणसासाठी ताजी किल्ली तयार होते. शेजारी बसलेल्याची वेगळी. रेडियस जाता जाता हेही सांगू शकतो की याला विद्यार्थ्यांच्या कप्प्यात टाका, याला कार्यालयाच्या. आणि कोणी सोडून गेला तर यादीतली एक नोंद बंद केली की झालं, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

इथे एक बारीकशी गोष्ट सांगतो, कारण तिने आम्हाला पंधरा दिवस छळलं. डिरेक्टरीत पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत, ठेवू नये. त्याचं असं रूपांतर करून ठेवतात की उलटं फिरवून मूळ शब्द काढता येऊ नये. पण त्या वेळचे विंडोजचे लॅपटॉप वाय-फायवर ओळख देताना पासवर्ड पाठवतच नसत. एका ठराविक जातीच्या रूपांतरावरून कोड्याचं उत्तर पाठवत. आमच्या डिरेक्टरीत रूपांतर दुसऱ्याच जातीचं. दोन्ही बरोबर, पण जुळणार कसे? एकाचं दुसरं करता येत नाही, कारण मूळ शब्द कोणाकडेच नाही. शेवटी एकच मार्ग उरला: प्रत्येकाने येऊन पासवर्ड नव्याने टाकायचा, म्हणजे दोन्ही रूपं साठवता येतील. प्राध्यापकांना रांगेत उभं करणं किती अवघड आहे, ते मी तेव्हा पाहिलं.

आणि दुसरी. ‘तू कोण?’ हा प्रश्न याचकानेही विचारायला हवा. कोणीही कॉलेजच्या नावाचं खोटं वाय-फाय उभं करू शकतो. म्हणून तुमच्या लॅपटॉपला आधी रेडियसने आपलं प्रमाणपत्र दाखवायचं असतं. त्या प्रमाणपत्राचा नमुना ‘एक्स.५०९’, म्हणजे १९८८ च्या त्याच जड आराखड्यातला एक भाग. एवढं मोठं झाड वाढलंच नाही, पण त्याची ही एक फांदी आज जगातल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे. दुर्दैव असं की आमच्या मुलांनी एकमेकांना पहिली युक्ती शिकवली ती ‘प्रमाणपत्र तपासू नका’ हा पर्याय निवडायची. लवकर जोडलं जातं म्हणे.

तर, यंत्र. त्या मुलाने म्हटल्याप्रमाणे ते चार दिवसांत नाही, पण आठवडाभरात उभं राहिलं. सगळी फुकट मिळणारी, खुली प्रणाली होती. ओपनएलडॅप आणि फ्रीरेडियस. यादीला आठ महिने लागले.

कारण कॉलेजात कोण आहे, हे कॉलेजला माहीत नव्हतं. कार्यालयाचं पगारपत्रक होतं. परीक्षा विभागाची यादी होती. ग्रंथालयाची वेगळी. एकात आधी आडनाव, दुसरीत आधी स्वतःचं नाव, तिसरीत नुसती आद्याक्षरं. एका क्षीरसागर बाईंचं इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. लग्नानंतर नाव बदललेल्या अध्यापिका सेवापुस्तकात जुन्या नावाने आणि मस्टरवर नव्या नावाने. दोन वर्षांपूर्वी वारलेले एक शिपाई ग्रंथालयाच्या यादीत अजून जिवंत होते आणि त्यांच्याकडे एक पुस्तकही बाकी होतं.

इथे मात्र माझा विषय आला. नावावरून नोंद बांधली की नाव बदललं की नोंद तुटते. माणूस तोच, नाव दुसरं. आम्ही वर्गात प्रत्यभिज्ञा शिकवतो, म्हणजे ‘हा तोच’ असं ज्ञान. ते नावावर टेकलेलं नसतं. डिरेक्टरीवाल्यांनाही हे उमगायला वेळ लागला. २००६ साली एलडॅपमध्ये प्रत्येक नोंदीला एक निरर्थक, कधीही न बदलणारा क्रमांक द्यायची रीत मानकात आली. त्या क्रमांकाला जात नाही, गाव नाही, आडनाव नाही. मला तो फार सभ्य वाटतो.

पण खरा पेच वेगळाच निघाला. प्रत्येक नोंदीला एक रकाना होता: हा माणूस संस्थेचा कोण? विद्यार्थी, कायम शिक्षक, कर्मचारी. त्या मुलाने तेवढे तीनच ठेवले होते, कारण प्राचार्यांनी त्याला तेवढेच सांगितले होते. एके दिवशी आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारे एक गृहस्थ माझ्या खोलीत आले. नऊ वर्षं शिकवत होते. सकाळी सव्वासातचा पहिला तास त्यांचा, कारण तो दुसऱ्या कोणाला नको असे. म्हणाले, “सर, खडूवाला पासवर्ड होता तोवर माझं चालत होतं. आता यंत्र म्हणतं, असा कोणी नाही.”

पगारपत्रकात ते नव्हते, त्यांचं मानधन वेगळ्या व्हाउचरवर निघे. मस्टरवर नव्हते, त्यांच्या सह्या तासिकांच्या वहीत. विद्यार्थी तर नव्हतेच. कार्यालयाने सुचवलं, पाहुण्याचं खातं द्या. ते आठ दिवसांनी बंद होई. मग दर सोमवारी या गृहस्थांनी कार्यालयात जाऊन आपण अजून इथेच आहोत हे सांगायचं.

आता कोणी म्हणेल, यात यंत्राचा दोष काय? काहीच नाही. नऊ वर्षं ते यादीत नव्हतेच. फक्त यादीला दार जोडलेलं नव्हतं, म्हणून कोणाला दिसलं नाही. फलकावरचा पासवर्ड ढिसाळ होता, धोक्याचा होता, मीच तो पुसायला लावला. पण तो वाचणाऱ्याला ‘तुमची नेमणूक कोणत्या प्रकारची’ असं विचारत नव्हता.

मी त्या मुलाला म्हटलं, जगात इतरांनी काय केलंय बघ. त्याने शोधून काढलं. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या दोन संघटनांनी, इंटरनेट-टू आणि एड्युकॉज यांनी, २००१ मध्ये ‘एज्युपर्सन’ नावाचा नमुना तयार केला होता. शिक्षणसंस्थेतल्या माणसाच्या नोंदीत कोणते रकाने असावेत, याचा. त्यात शिक्षक, विद्यार्थी, कर्मचारी होतेच. माजी विद्यार्थी होते. आणि एक ‘ॲफिलिएट’ होता, म्हणजे संस्थेशी संबंध असलेला, पण बाकी कशात न बसणारा. नंतर तर ग्रंथालयात नुसता येऊन बसणाऱ्यासाठीही एक शब्द त्यात घातला गेला. म्हणजे कोणीतरी, कुठेतरी, दारात उभ्या राहिलेल्या माणसांची नीट यादी करून पाहिली होती.

याच सुमारास युरोपात यापुढचं पाऊल पडलं होतं. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या क्लास विरेंगा यांनी सुचवलं की एका विद्यापीठाच्या माणसाला दुसऱ्या विद्यापीठातही आपलंच नाव-पासवर्ड वापरून वाय-फाय मिळावं. त्यातून ‘एज्युरोम’ उभं राहिलं. तुम्ही परगावच्या विद्यापीठात जाता. तिथला रेडियस तुमच्या नावातला ‘ॲट’च्या पुढचा भाग बघतो, संस्था ओळखतो आणि निरोप वर पाठवतो. तो देशाच्या रेडियसकडे, तिथून गरज पडली तर आणखी वर, आणि मग उतरत उतरत तुमच्या घरच्या संस्थेकडे. खातरजमा घर करतं. ‘आमचाच आहे’ एवढं उत्तर परत येतं. तुमचा पासवर्ड यजमानाला दिसतच नाही, आणि व्यवस्था नीट केलेली असेल तर नावही दिसत नाही. फक्त कोणत्या घरचा एवढं दिसतं. आपल्याकडे हे काम अर्नेट बघते.

नैयायिक याला शब्दप्रमाण म्हणतील. मी स्वतः पाहिलेलं नाही, अनुमानही केलेलं नाही. विश्वासार्ह माणसाने सांगितलं म्हणून मला कळलं. असा माणूस म्हणजे आप्त. वात्स्यायनाने भाष्यात स्पष्ट केलंय की आप्ताचं हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेंच्छांना सारखंच लागू पडतं. अट एवढीच की त्याला ती गोष्ट खरोखर माहीत असली पाहिजे आणि ती आहे तशी सांगायची इच्छा असली पाहिजे. आता सांगा, ज्या घराला आपल्याकडे नऊ वर्षं कोण शिकवतंय हेच माहीत नाही, ते घर परगावच्या दारापाशी आप्त कसं ठरणार?

हे मी प्राचार्यांसमोर असंच मांडलं. त्यांना वात्स्यायनात रस नव्हता, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, “चौथा रकाना घातला तर उद्या तो कायम नेमणुकीचा पुरावा म्हणून कोर्टात नाही ना येणार?” हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. वाय-फायच्या यादीतल्या एका शब्दाची त्यांना भीती वाटत होती. आणि मला वाटतं, त्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती; यादीत नोंदवणं म्हणजे काही अंशी मान्य करणं, हे त्यांना आमच्या समितीपेक्षा आधी कळलं होतं.

तडजोड झाली. चौथा रकाना आला, ‘संलग्न’. पण त्याला शेवटची तारीख हवी, सत्राच्या अखेरच्या कामाच्या दिवसाची. त्या तारखेला खातं आपोआप बंद. मी सही केली, आणि ती करताना माझ्या लक्षात आलं नाही की तासिका तत्त्वावरचे शिक्षक तास संपल्यावरही उत्तरपत्रिका तपासायला येत असतात. एप्रिलमध्ये ते गृहस्थ पुन्हा माझ्या दारात. हातात गठ्ठा, गुण संगणकावर भरायचे, आणि यंत्र म्हणतंय, असा कोणी नाही.

त्या मुलाने तिथेच बसून तारीख जूनअखेरपर्यंत पुढे ढकलली. कोणाला विचारलं नाही. मी बघितलं नाही असं दाखवलं. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो; माझं स्वतःचं खातं मात्र त्यानंतर चौदा महिने चालू होतं, कारण निवृत्त झालेल्यांची यादी कार्यालयाकडून संगणक विभागाकडे जायची कोणतीच रीत ठरलेली नव्हती.